सॉफ्टवेअरचा ऑनलाइन डेमो ठेवताय? मग पाठ टाचण आपलं असू द्या



आजचा विषय वर्गातला नाही, ऑफिसातला आहे. पण तो फिरून आपल्याच अंगावर येतो, म्हणून लिहिते आहे.

खाजगी शाळेच्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर हल्ली एक मेसेज येतोच येतो. "सर, आमचं स्कूल मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आहे. फक्त तीस मिनिटांचा ऑनलाइन डेमो. एकदम फ्री." मुख्याध्यापक तो मेसेज संस्थेच्या सचिवांना पाठवतात, सचिव म्हणतात "बघा की", आणि मग स्टाफरूममध्ये येऊन कुणीतरी सगळ्यात तरुण शिक्षकाकडे बोट दाखवतं. "तुम्हाला ते झूम-बिम जमतं ना, तुम्हीच अरेंज करा." २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण मोबाईल उलटा टांगून मुलांना शिकवलं, त्याचं हे बक्षीस! तर ते बोट तुमच्याकडे वळलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्यासारख्या तालुक्याच्या, खेड्यातल्या शाळांना ऑनलाइन डेमो हा प्रत्यक्ष डेमोपेक्षा बरा. पण तो ज्या पद्धतीने होतो, त्यातून शाळेला काहीच कळत नाही. कारण डेमो कधी, काय, कुणाला आणि कोणत्या क्रमाने दाखवायचा हे सगळं कंपनी ठरवते. आपण फक्त लिंक उघडतो आणि मान हलवतो.

ऑनलाइन बरा का म्हणते? साधी गोष्ट आहे. लांबून गाडी करून आलेला माणूस समोर बसला, चहा-पोहे झाले, की त्याला नाही म्हणणं आपल्या लोकांना जड जातं. "एवढ्या लांबून आलाय बिचारा" या एका वाक्यावर आपल्याकडे बरीच खरेदी झालेली आहे. ऑनलाइनमध्ये ती भीड नसते. शिवाय एकाच आठवड्यात तीन कंपन्यांचे डेमो बघता येतात, परवानगी घेऊन रेकॉर्ड करता येतात, रजेवर असलेल्या माणसाला नंतर दाखवता येतात. पुण्या-मुंबईची कंपनी असो की हैदराबादची, आपल्याला अंतराचा फरक पडत नाही.

आता दुसरी बाजू. डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनी सराव पाठ घेतलेत. आदर्श पाठ म्हणजे काय हे आपल्याइतकं कुणाला माहीत असणार? मुलं आधीच तयार केलेली, प्रश्न ठरलेले, उत्तर देणारी बोटंही ठरलेली. असा पाठ कधीच फसत नाही. पण त्यावरून त्या वर्गाचं रोजचं शिकणं कसं आहे हे केंद्रप्रमुखांना कळतं का? कंपनीचा डेमो हा असाच आदर्श पाठ असतो. त्यांच्याकडे एक नमुना शाळा भरलेली असते. तिथल्या प्रत्येक मुलाचा फोटो आहे, प्रत्येकाचा मोबाईल नंबर चालू आहे, सगळ्यांची फी वेळेवर जमा आहे, आणि सगळ्यांची नावं इंग्रजीत तीन शब्दांत बसतात. अशी शाळा महाराष्ट्रात कुठे असेल तर मला बदली करून घ्यायला आवडेल.

आमच्या शाळेचं सांगते. पहिली ते सातवी अनुदानित, सोबत एक बालवाडी. सातवीपर्यंत आमच्याकडे फीचा प्रश्नच नाही. पण एका कंपनीच्या डेमोत पस्तीसपैकी वीस मिनिटं फीवरच गेली. फीची पावती, फीचा आलेख, थकबाकीचा लाल रंग, पालकांना आपोआप जाणारा मेसेज. दिसायला फार छान होतं. शेवटी आमच्या क्लार्क मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "दुबार दाखला कसा काढायचा?" पलीकडचा मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मॅम, ते आम्ही कस्टमाइज करून देऊ." मुलगा प्रामाणिक होता, त्याची चूक नाही. त्याला फी दाखवायला शिकवलेलं होतं. पण ज्या शाळेत रोज कुणी ना कुणी दाखल्यासाठी दारात उभं असतं, तिथे त्या एका प्रश्नापुढे सगळे आलेख फिके पडले.

म्हणून पहिली गोष्ट, डेमोची तारीख देण्याआधी आपली यादी त्यांना पाठवा. पाठाला जसं टाचण लागतं तसं डेमोलाही लागतं, आणि ते आपण काढायचं. यादी मोठी नको. आपल्या ऑफिसात खरोखर अडणारी पाच-सहा कामं लिहा आणि सांगा, की हीच करून दाखवा, बाकीचं वेळ उरला तर बघू.

कोणती कामं निवडायची? इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गोम इथेच आहे.

सगळ्यात आधी नाव. तुम्हाला माहीतच आहे, १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव असं लिहायचा निर्णय आपल्या राज्याने घेतला. ही मुलं आता घराघरांत रांगून झाली, चालायला लागली. १ मे २०२४ ला जन्मलेलं मूल २०२७ च्या जूनमध्ये बालवाडीच्या वयाचं होतं आणि २०३० च्या जूनमध्ये पहिलीच्या. म्हणजे आज घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येच त्यांची नावं भरायची आहेत. आणि बहुतेक परदेशी धाटणीच्या फॉर्ममध्ये नावाला तीनच चौकटी असतात. चौथं नाव कुठे टाकणार? मधल्या चौकटीत आई आणि वडील दोघांना कोंबायचं, की आईला 'इतर माहिती'त ढकलायचं? डेमोमध्ये एका चार शब्दी नावाची नोंद करायला सांगा, आणि ते नाव हजेरीत, प्रगतिपुस्तकात आणि दाखल्यावर त्याच क्रमाने छापून येतं का ते बघा. त्याच वर्गात जुन्या पद्धतीने नाव असलेलं मूलही असू शकतं. दोन्ही एका यादीत नीट राहायला हवीत.

मग मराठी अक्षरं. "हो हो, मराठी सपोर्ट आहे" हे उत्तर ऐकून पुढे जाऊ नका. पडद्यावर मराठी दिसणं वेगळं आणि पीडीएफमध्ये, कागदावर मराठी उमटणं वेगळं. कुऱ्हाडे, गोऱ्हे, वऱ्हाडे ही आडनावं टाइप करून छापायला सांगा. त्या अर्ध्या र ची जी गत होते ती बघून तुम्हाला सॉफ्टवेअरची अर्धी परीक्षा कळेल. ज्ञानेश्वर, श्रद्धा, कृष्णा, ॲड. हेही टाकून बघा. विद्यार्थी या शब्दातला रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसलेला मी छापील कागदावर पाहिलाय. शिवाय ऑफिसात जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतात, त्या युनिकोडमध्ये कोण बदलून देणार, त्याचे पैसे वेगळे का, हेही त्याच वेळी विचारा.

काही जण म्हणतील, एवढं काय त्या अक्षरांचं? मॅडम, दाखल्यावरचं एक अक्षर आणि जनरल रजिस्टरमधलं एक अक्षर वेगळं आलं, की त्या मुलाच्या पुढच्या आयुष्यात काय होतं ते ऑफिसात बसणाऱ्याला विचारा. जातीच्या दाखल्यासाठी, जात पडताळणीसाठी, पासपोर्टसाठी माणसं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची नोंद शोधत शाळेत येतात. आजोबांच्या नावापुढे काय लिहिलंय ते बघतात. शाळा सोडल्यानंतर नोंदीत दुरुस्ती करायची तर शाळा आपल्या मनाने खाडाखोड करू शकत नाही, शिक्षणाधिकारी कार्यालयाची मान्यता लागते. मोलमजुरी करणारा बाप रोज बुडवून जिल्ह्याला चकरा मारतो. हे सगळं एका वेलांटीपायी! म्हणून मला फीच्या आलेखापेक्षा दाखल्याची छापील प्रत महत्त्वाची वाटते. आणि म्हणूनच एक प्रश्न विचारायचाच, नोंद एकदा भरल्यावर ती कोण बदलू शकतं, आणि बदलली तर कुणी, कधी, काय बदललं याची खूण राहते का? आपल्या कागदी रजिस्टरमध्ये लाल शाईने गोल करून मुख्याध्यापकांची सही असते. संगणकात त्या लाल शाईच्या जागी काय आहे ते दाखवा म्हणावं.

तिसरं, आकडे. सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो. तो सॉफ्टवेअरमध्ये भरायला सांगा आणि मग ती यादी एक्सेलमध्ये काढायला सांगा. एक्सेल आकड्याचे पहिले पंधरा अंक जपतं आणि त्यापुढचे शून्य करून टाकतं. आयडी मजकूर म्हणून न जाता आकडा म्हणून गेला, तर शेवटचे चार अंक ०००० होतात. वर्गातल्या सगळ्यांचे! आधार क्रमांक बारा अंकी, तो एक्सेल अंक-ई-अंक असा विचित्र दाखवतं, पण तो निदान परत नीट करता येतो. आयडीचे गेलेले अंक परत येत नाहीत. ही चाचणी दोन मिनिटांची आहे आणि कंपनीच्या माणसाला आधी सुचलेली नसते.

चौथं मूल्यमापन. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. वर श्रेणी, वर्णनात्मक नोंदी. शिवाय पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा. डेमोत मात्र वर्गात पहिला कोण, टक्के किती, असा निकाल चमकतो. पहिलीच्या मुलांचा क्रमांक लावणारा निकालपत्रक घेऊन आपण काय करणार? आपलं प्रगतिपुस्तक समोर धरा आणि म्हणा, असं काढून दाखवा.

हजेरीचा मासिक गोषवारा, मुलगे-मुली आणि प्रवर्गनिहाय, हे तर मी सांगायलाच नको. महिन्याच्या शेवटी गोषवारा जुळत नाही म्हणून कॅटलॉगवर डोकं धरून बसलेले वर्गशिक्षक प्रत्येक शाळेत आहेत. पोषण आहाराचा हिशोब करतो असं सांगत असतील, तर पाचवीपर्यंत १०० ग्रॅम आणि सहावीपासून १५० ग्रॅम तांदूळ, अशा दोन गटांचा एका दिवसाचा हिशोब लगेच मांडायला सांगा. आणि "आमचं सॉफ्टवेअर सरकारी पोर्टलला जोडलेलं आहे" असं वाक्य आलं, की तिथेच थांबवायचं. "जोडलेलं म्हणजे काय? यू-डायस प्लसला माहिती आपोआप जाते का? आत्ता एक नोंद पाठवून दाखवता?" शालार्थ, सरल, यू-डायस हे सगळं आपल्याला भरावंच लागणार असेल, तर सॉफ्टवेअरमुळे एक काम कमी झालं की एक वाढलं, हा साधा हिशोब आहे.

आता डेमो प्रत्यक्ष कसा घ्यायचा त्याबद्दल.

पुढच्या खुर्चीवर कोण बसणार हे आधी ठरवा. आपल्याकडे अध्यक्ष मधोमध, सचिव शेजारी, मुख्याध्यापक बाजूला आणि जी व्यक्ती ते सॉफ्टवेअर रोज आठ तास वापरणार ती दारापाशी चहाचं बघत उभी, अशी बैठक असते. माझं स्पष्ट मत आहे की कीबोर्डसमोर लिपिक बसला पाहिजे. अध्यक्षांना राग येईल असं वाटत असेल तर त्यांना मोठ्या टीव्हीसमोर मानाची खुर्ची द्या, सगळं तिथे जास्त मोठं दिसतं! क्लार्कच्या मनात एक भीती असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. हे आलं की आपली गरज संपली का? पंचवीस वर्षं ज्यांनी हाताने रजिस्टर लिहिली, त्यांना डेमोत मागे उभं केलं की ती भीती पक्की होते, आणि मग सॉफ्टवेअर घेतलं तरी ते पासवर्डसकट कपाटात राहतं. त्यांना प्रश्न विचारू द्या. त्यांचेच प्रश्न सगळ्यात अवघड असतात.

आणि माऊस आपल्या हातात घ्या. म्हणजे काय, तर पहिली दहा मिनिटं त्यांना दाखवू द्या. नंतर त्यांच्याकडून एक चाचणी लॉगिन मागा, आपली स्क्रीन आपण शेअर करा, आणि क्लार्क मॅडमना नोंद करू द्या. पलीकडून त्यांनी फक्त तोंडी सांगायचं. दुसऱ्याने सोडवलेलं गणित फळ्यावर बघताना सगळ्या मुलांना समजलेलं असतं, वहीत करायला सांगितलं की कळतं कुणाला काय आलंय. बटण कुठे आहे हे शोधायला आपल्या माणसाला दोन मिनिटं लागली, तर ती दोन मिनिटं हाच खरा डेमो.

त्यासाठी पलीकडचा म्हणेल, "मॅम, एनीडेस्क टाका, मी इथून करतो." इथे ठाम नाही म्हणा. डेमोसाठी स्क्रीन दाखवणं पुरतं, संगणकाचा ताबा देण्याची गरज नसते. अशा ॲपवरून ताबा घेऊन खात्यातले पैसे काढले जातात, याबद्दल २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, ते अनेक जण दुरुस्तीसाठी वापरतात. पण ज्याला आपण आयुष्यात आज पहिल्यांदा बोलतोय, त्याला ऑफिसच्या संगणकाची किल्ली कशाला? त्याच संगणकात शालार्थचा लॉगिन आहे, सगळ्यांच्या पगाराची माहिती आहे, मुलांचे आधार आहेत. स्क्रीन शेअर करतानाही पूर्ण स्क्रीन न देता फक्त एक खिडकी शेअर करा. व्हॉट्सॲप वेब बंद करा. नाहीतर मधेच कोपऱ्यात ओटीपी झळकतो, किंवा स्टाफच्या ग्रुपवर अध्यक्षांबद्दलचा विनोद.

सर्वांत महत्त्वाचं, मुलांची खरी माहिती डेमोसाठी पाठवू नका. "तुमच्या शाळेचीच यादी पाठवा, म्हणजे तुम्हाला तुमचीच शाळा दिसेल" असं फार गोड बोलून मागतात. आपण बिनधास्त पाठवतो पाचवीची एक्सेल. त्यात काय काय असतं आठवा. नाव, जन्मतारीख, आधार, जात, आईचा मोबाईल नंबर, घरचा पत्ता, बँक खातं. अजून एक पैसाही दिलेला नाही, करार नाही, आणि चाळीस लेकरांची कुंडली कुणाच्या तरी मेलमध्ये जाऊन पडते. डेमो आवडला नाही तर ती यादी परत कशी मागणार? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती मागितली आहे, मुलांना उद्देशून जाहिराती करायलाही मनाई आहे. पण मला विचाराल तर कायद्याच्या आधी साधी माणुसकीची बाब आहे. आईने आपल्याला नंबर दिला तो लेकराला ताप आला तर फोन करायला. तिला क्लासची जाहिरात यावी म्हणून दिलेला नाही.

त्यापेक्षा दहा खोट्या मुलांची यादी बनवा. अर्ध्या तासाचं काम आहे, मला तर मजा येते. एकाच नावाची दोन मुलं टाका. एक ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेलं, ऊसतोडीच्या पट्ट्यात शाळा असेल तर आई-बापाबरोबर गावोगाव फिरून मार्चमध्ये परत आलेलं एक. एकाला वडिलांचा मोबाईल नाही. एका दिव्यांग मुलाची नोंद. एकाची जन्मतारीख २९ फेब्रुवारी. एक कुऱ्हाडे, एक चार शब्दी नावाचं बालवाडीतलं. ही यादी एकदा बनली की प्रत्येक कंपनीला हीच द्यायची. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका, म्हणजे तुलना करता येते.

कंपनीला पाठवायचा मजकूर अनेकांना सुचत नाही, म्हणून आम्ही वापरतो तो इथे देते. हवा तसा बदलून घ्या.

"नमस्कार. आपल्या सॉफ्टवेअरचा ऑनलाइन डेमो आम्हाला शनिवारी सकाळी ११.३० नंतर पाहायचा आहे. वेळ एक तास. आमच्याकडून मुख्याध्यापक, लिपिक आणि दोन शिक्षक असतील. आम्ही सोबत दहा काल्पनिक विद्यार्थ्यांची यादी पाठवत आहोत. कृपया याच यादीवर पुढील कामे करून दाखवावीत : नवीन प्रवेश, वर्षाच्या मध्येच आलेल्या विद्यार्थ्याची नोंद, मासिक हजेरी गोषवारा, आमच्या नमुन्याप्रमाणे प्रगतिपुस्तक, शाळा सोडल्याचा दाखला व त्याची दुबार प्रत मराठीत, आणि सर्व माहिती एक्सेलमध्ये परत काढणे. आम्हाला स्वतः वापरून पाहण्यासाठी चाचणी लॉगिन द्यावे. डेमो रेकॉर्ड करण्यास आपली हरकत नसल्याचे कळवावे. दुसऱ्या वर्षापासूनच्या खर्चासह संपूर्ण दरपत्रक डेमोच्या आधी लेखी पाठवावे."

एवढा मेसेज गेला की दोन गोष्टी होतात. काही कंपन्या परत फोनच करत नाहीत, आपलं काम तिथेच हलकं झालं. ज्या करतात त्या विक्रीच्या मुलाबरोबर तांत्रिक माणूसही आणतात, कारण त्यांना कळतं की समोरच्यांनी तयारी केलीय.

दरपत्रकाचं का म्हणते? "प्रति विद्यार्थी अमुक रुपये फक्त" हा आकडा ऐकायला नेहमी लहान असतो. त्यावर १८ टक्के जीएसटी, मेसेजचे वेगळे, जुनी माहिती भरून द्यायचे वेगळे, प्रशिक्षणाचे वेगळे. पट कमी झाला तर पैसे कमी होतात का, हे तर विचारायलाच हवं, आपल्याकडे पट वाढण्यापेक्षा घटतोच जास्त. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं नाही तर आपली माहिती कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत मिळणार? हे एक वाक्य कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. पोरांचं रजिस्टर हे शाळेचं. भाडं थकलं म्हणून घरमालकाने आपली रजिस्टरं कोंडून ठेवली तर चालेल का?

तांत्रिक तयारी फारशी नाही. आदल्या दिवशी लिंक उघडून आवाज तपासा. वीज आणि नेट दोन्हींचा भरवसा नाही, म्हणून लॅपटॉप चार्ज करून एक मोबाईल हॉटस्पॉटसाठी बाजूला ठेवा. लिंक आपली असेल तर झूमच्या मोफत खात्यात चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद पडते आणि गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर एक तासाने, हे ध्यानात ठेवा. लिंक कंपनीकडूनच घेतली तर हा प्रश्न येत नाही. प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवरून जोडून एकाच खोलीत बसू नका, आवाज असा घुमतो की कुणालाच काही कळत नाही. एक माइक, एक बोलणारा. मधेच नेट गेलं तर उलट बघा, नेट परत आल्यावर अर्धवट भरलेली नोंद तशीच आहे का पुसली गेली. आपल्याकडे हे रोज होणार आहे.

या सगळ्यावर आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे, ते सांगायला हवं. ते म्हणतात, "एवढी छाननी करत बसलात तर कोणतंच सॉफ्टवेअर पसंत पडणार नाही, आणि आपण आणखी दहा वर्षं हातानेच लिहीत बसू." त्यात तथ्य आहे. सगळ्या कामांत पास होणारं सॉफ्टवेअर मलाही अजून दिसलेलं नाही. माझं म्हणणं इतकंच, की कशात नापास आहे ते पैसे देण्याआधी माहीत असावं. फीच्या मॉड्यूलमध्ये कमी पडलं तर आम्ही घेऊ, दाखल्यात कमी पडलं तर घेणार नाही. प्रत्येक शाळेचा हा क्रम वेगळा असेल. विनाअनुदानित शाळेला फीच आधी लागेल, आणि ते बरोबरच आहे. आणि लहान द्विशिक्षकी शाळेला तर मी सांगेन, एक नीट बनवलेली एक्सेल आणि कागदी जनरल रजिस्टर तुम्हाला पुरेसं आहे, डेमोच्या भानगडीत पडूच नका.

डेमो संपला की पाहुण्यांचा कॉल आधी कट करा आणि मगच आपापसात बोला. (एका शाळेत माइक चालू राहिला होता, पुढचं सांगत नाही.) प्रत्येकाने आपल्या यादीपुढे बरोबर किंवा चूक अशी खूण त्याच खोलीत करायची, आणि सगळ्यात आधी क्लार्कला बोलू द्यायचं, मुख्याध्यापकांनी शेवटी. साहेब आधी "छान आहे" म्हणाले की बाकीच्यांची तोंडं आपोआप मिटतात, हे आपल्या मीटिंगांमधून आपल्याला पाठ झालेलं आहे. "आजच बुकिंग केलं तर तीस टक्के सूट" असा मेसेज त्याच संध्याकाळी येईल. त्याला उत्तर तयार ठेवा, "शाळा व्यवस्थापनाच्या बैठकीत विषय ठेवून कळवतो." ती सूट पुढच्या महिन्यातही असते.

आणि तारीख जूनमधली घेऊ नका. प्रवेश, पाठ्यपुस्तकं, गणवेश, नवीन हजेऱ्या, दाखल्यांची गर्दी, त्यात डेमो म्हणजे क्लार्कचा निम्मा जीव खिडकीपाशी. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा एखादा सकाळच्या शाळेचा शनिवार बरा पडतो. तोपर्यंत पहिल्या सत्राची संकलित झालेली असते, सत्राचे सगळे कागद हाताशी असतात, आणि पुढचं वर्ष सुरू व्हायला सहा-सात महिने असतात. तुमच्या शाळेत डेमो झाला असेल तर कोणत्या कामावर गाडी अडली ते खाली जरूर लिहा. कंपनीचं नाव नको, काम तेवढं लिहा, म्हणजे ते आमच्या यादीत घालता येईल.